आईच्या नावाची बाटली

नाना,

मी सहाच्या गाडीने सांगलीला पुढे जाते आहे, दवाखान्यात तुमचा नंबर लावायला. तुम्ही साडेआठच्या एसटीने या. भाकरी फडक्यात बांधली आहे. पिठल्यात तिखट घातलेलं नाही.

काल कपाटात आईचं तोंडात सोडायचं औषध सापडलं. ती गेली तेव्हा बाटली अर्धी होती, आता तळाला आहे. विचारलं तर म्हणालात, "बुरशी हाय नुसती. तिलाबी हेच दिल्तं." दिलं होतं, नाना. बुरशी होतीच. पण तिच्या गालातला पांढरा चट्टा त्याने गेला नाही आणि आपण चार महिने थेंबच सोडत बसलो. तुमच्या गालातला चट्टा कधीपासून आहे आणि तंबाखू किती वर्षं, हे निदान डॉक्टरांना खरं सांगा. जरासा तुकडा काढून तपासतील, एवढंच.

ऊसतोड आली आहे हे कारण नको. आईची तपासणीची तारीख आपण तोडीसाठी दोनदा पुढे ढकलली. फडावर जयराजकाका थांबतील. ते म्हणाले, "मिल्ट्रीत गोळीला भ्याला न्हाई, आन सुईला भितोय व्हय?"

बाटली मी बरोबर नेते आहे. घरात ठेवली तर उरलेले थेंबही तुम्ही आज सोडाल. तिच्यावर आईचं नाव आहे. तुमच्या नावाचा केसपेपर मी काढून ठेवते.

दहा वाजता दवाखान्याच्या दारात उभी असेन. आईच्या वेळेसारखं तिथून पुन्हा एकटीने घरी यायला लावू नका.

राजेश्वरी