डीव्हीडीच बरी

८ सप्टेंबर, सोमवार

पतसंस्थेनं दिलेली डायरी कोरीच पडलीती. आजपासनं रोज लिहायचं. बयाबाई म्हणाली, चौथी शिकलेलीला डायरी कशाला. शेजारीण हाय, म्हणणारच.

लॅपटॉपवर पत्ते खेळत हुते, तर मधेच पाटी आली. ऑक्टोबरनंतर विंडोजची मदत बंद. मी कधी मागितली हुती?

लॅपटॉप सम्राटचा. माझ्या लेकीचा पोरगा. कॉलेजची चार वर्षं माझ्या घरात जेवला, पुण्यात नोकरी लागली तसा लॅपटॉप आणि मला हितंच टाकून गेला. दोन वर्षं झाली. मला काय त्याचं न्हाय.

फोन केला. म्हणाला, आज्जी, त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घालू या. फुकट असतंय. आधी नुसतं चालवून बघायचं, आवडलं तर ठेवायचं. बघण्यानं आतलं काय पुसत न्हाय.

आमच्या वेळी पोरगी बघायला येणारे बी असंच म्हणायचे.

९ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी

लिनक्स कशातनं घालायचं ते मी ठरवायचं हाय. तीन प्रकार. कशाला किती वेळ लागतो ते नीट विचारून घेतलं.

पेनड्राईव्ह. दहा मिनिटात चालू.

मेमरी कार्ड. वेळ तेवढाच, पण नखाएवढं. शिंक आली की गेलं.

डीव्हीडी. चालू व्हायलाच पाऊण तास, सगळं बसवायला अडीच. मधे अडकली तर पहिल्यापासनं.

डीव्हीडीच बरी. घाईचं काम मला आवडत न्हाय.

सम्राट म्हणतोय, डीव्हीडी आता कोण वापरतंय, पेनड्राईव्ह आण, मी फोनवरनं सांगतो, तुझी तू घालशील. म्हटलं, मला फोनवरचं ऐकू येत न्हाय. एरवी येतंय.

१४ सप्टेंबर, रविवार

फोन आला. परत पेनड्राईव्हचंच पुराण. सांगून टाकलं, लॅपटॉपची पेनड्राईव्हची भोकं गेली, आत मुंग्या हायत. मग म्हणाला, दसऱ्याला आईकडं नेसरीला जाणार हाय, वाटेत तुझ्याकडं येतो, डीव्हीडी तयार ठेव.

बयाबाईला सांगितलं. तर म्हणती, नातवाला बघायचंय तर ये म्हणा की सरळ, मुंग्या कशाला सोडताय. तिला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय. आणि मी कुणाला ये म्हणत नसते. येणाऱ्याला पाय असतात.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

राजारामपुरीत चार दुकानं हिंडले. कोरी डीव्हीडी कुणाकडं न्हाय. शेवटी जोतीरामच्या दुकानात मिळाल्या, लग्नाच्या व्हिडिओच्या जमान्यातल्या उरलेल्या. तो म्हणाला, आक्का, पेनड्राईव्ह घ्या की, सुटसुटीत. म्हटलं, तुला विचारलंय काय?

लिनक्स बी त्याच्याकडनंच भरून घेतलं. पहिली डीव्हीडी भरताना बिघडली. दुसरी बी. तिसरी कशीबशी झाली. तो कंटाळला, मी न्हाय. वस्तू आडमुठी असली की माणूस तिच्यापाशी बसून राहतो.

रोज लिहायचं राहून जातंय. डोळ्यामुळं.

२८ सप्टेंबर, रविवार

दसऱ्याचं ठरवून टाकलं. बाराला येणार म्हणालाय. डीव्हीडी घालायची, पाऊण तास. तवर जेवण. मग अडीच तास. सव्वातीन वाजले. चहा. मधे अडकली तर अंधार पडंल. अंधाराचं नेसरीच्या रस्त्याला कोण लागतंय.

जादाचं अंथरूण उन्हात टाकलं. सगळ्यांचंच टाकते मी. सगळ्यांचं म्हणजे माझं आणि हे.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

विळा, कोयता, कात्री, लॅपटॉप पाटावर मांडले. डीव्हीडी बी. उद्या राबणारी वस्तू, बिनपूजेची कशी ठेवायची? एका बाजूला जोतीरामनं पेनानं गिचमीड करून ठेवलंय. दुसरी बाजू आरशासारखी लखलखीत. तोंड तेच असणार. ओल्या हळदकुंकवाची पाच बोटं ओढली, वर अक्षता. वाळून घट्ट बसलं.

उद्या कुणावर चिडायचं न्हाय.

२ ऑक्टोबर, दसरा, संध्याकाळी ६

बाराचा चारला आला. वाटेत जेवून.

डीव्हीडी घातली. खर्र खर्र केलं आणि गप्प. काढून बघितली तर हसायलाच लागला. आज्जी, वाचायच्या बाजूला कुंकू लावलंस की. म्हटलं, एवढं शिकलेलं मशीन, त्याला कुंकवाआडचं वाचता येऊ नये? पदरानं घासली तर चरे पडले. मेलीच ती.

तसा त्यानं गाडीच्या किल्लीला अडकवलेला पेनड्राईव्ह काढला. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि भोकात घातला. मुंग्यांविषयी काय बोलला न्हाय. मी बी न्हाय.

माझा चहा उकळायच्या आत लिनक्स चालू. हिरवंगार, स्वच्छ. पत्ते बी हुते. माझ्या विंडोजपेक्षा झटपट.

म्हणाला, आवडलं का?

म्हटलं, न्हाय.

आता खुर्ची ओढंल, काय आवडलं न्हाय म्हणून विचारंल. सात गोष्टी तयार ठेवल्यात्या. अक्षरं बारीक. पत्त्यांची पाठ निळी. असल्या.

तो म्हणाला, बरं झालं सांगितलंस, म्हणून तर आधी नुसतं चालवून बघायचं असतंय. पेनड्राईव्ह उपसला. सोनं दिलं, पाया पडला. बोळात गाडी आडवी लावलीती, मागनं कोण तर हॉर्न देत हुतं. चहा उभ्यानं प्याला.

साडेचारला गेला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

फोन करून आवडलं म्हणून सांगावं काय? न्हाय. एकदा न्हाय म्हटलं ते न्हाय. त्याचं त्यालाच कळंल. चार दिवसांत मोठी डीव्हीडी घेऊन येईल.

अंथरूण घडी घालून माळ्यावर टाकलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

कळलं न्हाय त्याला.

दिवाळीत दोस्तांबरोबर केरळला चाललाय. म्हणाला, आज्जी, तो लॅपटॉप दे भंगारात, तुला टॅब पाठवलाय. विचारलं, त्यात काय काय घालायला लागतं? म्हणाला, काय बी न्हाय. सगळं आत घालूनच येतंय. कुणाची गरज लागत न्हाय.

म्हटलं, बरं.

१५ ऑक्टोबर, बुधवार, दुपारी

टॅब आला. काय तर मोडलं असंल म्हणून उलटासुलटा करून बघितला. कुठं चरा न्हाय. बटण दाबलं.

लगेच चालू झाला.