मागेल तेवढी जागा

३ फेब्रुवारी

आज नव्या नोकरीवर रुजू झालो. दिवस चांगला गेला. गेल्या चार महिन्यांत असं लिहिण्यासारखा दिवस आला नव्हता, म्हणून ही वही उघडली. ताई म्हणायची की तुझ्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते, निदान लिहीत तरी जा. ती होती तेव्हा ऐकलं नाही.

ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, खाली चष्म्याचं दुकान. चार खोल्या, त्यातली एक सर्व्हरची. कारखान्यांचे, दवाखान्यांचे जुने कॉम्प्युटर मोडतात, पण त्यांच्यावरचे प्रोग्रॅम अजून हवे असतात. मग इथल्या मोठ्या मशीनच्या पोटात नुसत्या सॉफ्टवेअरचं एक मशीन उभं करतात, व्हर्च्युअल मशीन, आणि जुना प्रोग्रॅम त्यात चालवतात. आतल्या मशीनला वाटतं आपण खरेच आहोत. माझ्याकडे अशा मशीनच्या डिस्क बनवण्याचं काम आलं आहे. बाहेर असते एक साधी फाइल. आतल्याला भासवायचं की ही चांगली एसएसडी, म्हणजे बिनचकतीची वेगवान डिस्क आहे.

मालकीणबाई दहा मिनिटं बोलल्या आणि मला भाऊंच्या हवाली करून गेल्या. भाऊ इथे अठरा वर्षं आहेत. त्यांनी विचारलं की तुम्ही मुळातच कमी बोलता की आमच्यावर राग आहे. मी म्हणालो, मुळातच. ते म्हणाले बरं झालं, तुमच्या आधीचा माणूस म्हणजे रेडिओ होता, आणि बंद करायचं बटण तुटलेलं.

खोली जवळच आहे. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. सातला आईचा फोन आला. जेवलास का, विचारलं. रोज सातलाच विचारते. सातला कोण जेवतं, पण मी हो म्हणतो.

६ फेब्रुवारी

भाऊंनी आज डिस्क बनवायला शिकवली. आतल्या मशीनला सांगावं लागतं की हिच्यात फिरणारी चकती नाही, नाहीतर ते जुन्या सवयीने चकतीची वाट बघत काम करतं. मग सिरियल नंबर. तो आपण देऊ तो. आणि शेवटी, जागा किती.

बाहेरची फाइल सुरुवातीला जवळजवळ रिकामी असते. आत लिहिलं जाईल तशी फुगते. त्यामुळे बाहेर शंभर जीबी असताना आतल्याला पाचशे आहेत असं सांगता येतं. भाऊ म्हणाले की लोक इथेच माती खातात. त्यांचा नियम असा: डिस्कच्या जातीबद्दल खोटं बोला, नंबराबद्दल बोला, जागेबद्दल बोलू नका. कबूल केलेली जागा आतलं मशीन एक ना एक दिवस मागतंच. बाहेर नसली तर ते आहे तिथे थिजतं. पाहुण्यांना खुशाल राहायला या म्हणायचं आणि घरात सतरंजी एक, अशातली गत.

मी विचारलं, थिजल्यावर काय करायचं. ते म्हणाले, मला हाक मारायची आणि चहा पाजायचा.

९ फेब्रुवारी

रविवार. कुठेच चित्त लागलं नाही. मैदानाला चार फेऱ्या मारल्या, कपड्यांच्या दोनदा घड्या केल्या. शेवटी ताईची लॅपटॉपची बॅग काढली.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मुलांच्या वॉर्डात नर्स. लिहायचा तिला कंटाळा, पण तोंडाचा पट्टा अखंड. कामावरून आली की लॅपटॉपसमोर बसून दिवसभराचं बोलून ठेवायची. ती गेल्यावर लॅपटॉप जळून गेला. दुरुस्तीवाल्याने डिस्कमधलं सगळं उतरवून दिलं, पण तिचा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम कुलूपबंद आहे. तो डिस्कचा सिरियल नंबर तपासतो. त्याच नंबरची डिस्क असेल तरच उघडतो.

शेवटचं रेकॉर्डिंग सहा ऑक्टोबरचं आहे. त्या संध्याकाळी ड्युटीला जाताना तिला अपघात झाला. त्या दुपारी तिने मला तीनदा फोन केला होता. मी घरीच होतो. फोन वाजताना बघत होतो. ताईशी बोलायचं म्हणजे तास जातो, नंतर करू असं वाटलं. हे आईलाही सांगितलेलं नाही.

तिनेच मला सायकल शिकवली. मागून धरलंय म्हणाली आणि सोडून दिलं. मी सरळ कुंपणाच्या भिंतीवर गेलो. डाव्या भुवईवर अजून खूण आहे. पडलो तेव्हा तोंडात भिंतीचा चुना गेला. त्याची चव अजून आठवते, कोणाला कधी सांगितली नाही. ताई शेवटपर्यंत म्हणत राहिली की मी सोडलंच नव्हतं, घुम्या. घुम्या हे तिने ठेवलेलं नाव. दुसरं कोणी तसं म्हणत नाही.

झोपण्याआधी घड्याळाला किल्ली दिली. बाबांचं घड्याळ. लहानपणी मांडीवर बसवून मला किल्ली द्यायला लावायचे. वीस वेळा. एकविसावी दिली की टपली.

१२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत ताईचं मशीन उभं केलं. कोपऱ्यातला जुना सर्व्हर कोणी वापरत नाही, त्यावर दीडशे जीबी मोकळे होते. तिची डिस्क एकशे वीसची, काठोकाठ भरलेली. मीही एकशे वीसच सांगितली. म्हणजे भाऊंचा नियम पाळला. तिच्या डिस्कवरचा सिरियल नंबर अक्षर न अक्षर तपासून घातला.

मशीन सुरू झालं. तिच्या वॉर्डातल्या मुलांनी काढलेलं हत्तीचं चित्र पडद्यावर आलं. प्रोग्रॅम उघडला. चारशे अकरा रेकॉर्डिंग. मी उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो, परत उठलो. ऐकवेना.

१४ फेब्रुवारी

ऐकलं. सहा ऑक्टोबर, दोन मिनिटं.

मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. ती नेहमीसारखी तणतणत होती. म्हणाली की हा घुम्या फोन उचलत नाही, तीन हाका मारल्या, साधी ओ देत नाही, दगडालासुद्धा पाझर फुटला असता. मग हसली. काम काय, तर लॅपटॉप म्हणतो डिस्क भरली. काहीतरी पुसायला हवं, आणि तिला काही पुसवत नाही. शेवटी जरा हळू म्हणाली, "मला थोडी जागा करून दे की रे."

एवढंच मागायचं होतं. दहा मिनिटांचं काम.

दिवसभर पाय हलत राहिला. भाऊ म्हणाले की टेबल चालायला लागलं, साहेब.

१५ फेब्रुवारी

डिस्क मोठी केली. एकशे वीसची पाचशे. खुळेपणा आहे, कळतं. बाहेर दीडशेच आहेत. पण तिथे आता लिहिणार कोण आहे? जागेबद्दल खोटं बोललो खरं, पण त्याने कोणाचं काय बिघडणार?

आतल्या मशीनने लगेच मानलं. मोकळी जागा, तीनशे ऐंशी. ताईने बघितली असती तर दोन दिवस बोलत बसली असती. फार दिवसांनी झोप लागली.

१७ फेब्रुवारी

यादीत चारशे बारा आहेत.

नव्याची तारीख आजची. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. तेव्हा मी सर्व्हरच्या खोलीतच होतो, दुसरं कोणी नव्हतं. आतलं घड्याळ चुकलं असेल, जुनीच फाइल असेल.

आवाज ताईचाच. कुठल्याशा पोराची गोष्ट सांगते. सायकलवरून भिंतीवर आदळला, तोंडात चुना गेला, त्याची चव त्याने कोणाला सांगितली नाही. वॉर्डातला कोणी पेशंट असेल. छान सांगते. तीनदा ऐकलं.

१९ फेब्रुवारी

चारशे तीस.

दुपारी भाऊंनी हाक मारली. कोपऱ्यातल्या सर्व्हरची जागा संपली होती. दीडशेपैकी दीडशे. त्यांना वाटलं आतलं मशीन थिजलं असेल. ते चालू होतं. आतल्या डिस्कवर दोनशे साठ भरलेले दिसत होते आणि आकडा आमच्यादेखत वाढत होता. भाऊ बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले की अठरा वर्षांत हे बघितलं नाही, बाहेर जागाच नाही तर हे लिहितंय कशावर. मशीन कोणाचं, विचारलं. चाचणीचं, म्हणालो. उद्यापासून ते आठवडाभर एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात आहेत. त्याआधी बंद करा म्हणाले. पण दीडशेच्या पुढचं काही हाती लागणार नाही, ते बाहेर कुठे नाहीच; बंद केलं की गेलं.

जाताना सहज विचारलं की भुवईला काय लागलं होतं.

मला सांगता आलं नाही. लाज वाटून हसलो.

घरी आल्यावर ही वही चाळली. नऊ तारीख. अक्षर माझंच आहे. सायकल, भिंत, चुना. चार वेळा वाचलं. परक्या माणसाचं वाचावं तसं वाटतं.

बंद केलेलं नाही.

२१ फेब्रुवारी

मनगटावर घड्याळ आहे, बंद पडलेलं. किल्लीचं. कोणी दिलं आठवेना. आता वहीच आधी बघतो. बाबांचं, वीस वेळा, टपली. बाबांचा चेहरा डोळ्यासमोर आणायला बसलो. एक शर्ट येतो. शर्टाच्या वर काही नाही.

ताईच्या मशीनमध्ये ते आहेत. आज त्यांच्यावर चाळीस मिनिटांचं आहे. ती त्यांची नक्कल करते, टपलीचा आवाजसुद्धा काढते. पण आम्हा दोघांत किल्ली फक्त मी द्यायचो. तिला कुठे माहीत होतं, एकविसाव्या वेळी बोटाला कसं वाटतं ते—

मागितली तेवढी जागा तिला कुठूनतरी मिळतेच आहे.

२४ फेब्रुवारी

संध्याकाळी सातला एका बाईंचा फोन. जेवलास का, विचारलं. मी नम्रपणे सांगितलं की आपण चुकीचा नंबर लावला आहे. त्या आधी हसल्या. म्हणाल्या की आता थट्टाही करायला लागलास, बरं वाटलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्या रडायला लागल्या. एक गेली, तू तरी असं करू नकोस, म्हणाल्या.

फोनवर नाव आलं होतं— आई. कोणाची तरी आई माझ्या फोनमध्ये कशी, असा विचार करत बसलो. खरंच करत बसलो. किती वेळ ते—

मग वही. तीन तारीख.

उलट फोन केला. हो, जेवलो, म्हणालो. आवाज ओळखीचा वाटला नाही.

२५ फेब्रुवारी

चारशे सत्तर भरले. तीस उरले.

बंद करायचं. बंद केलं की ताई जाईल, आणि तिच्याकडे माझं जे आहे तेही. नाही केलं तर उद्या सातला त्या बाईंना हो म्हणायलाही कोणी नसेल. त्या बाईंसाठी करायचं. त्या रडल्या होत्या, एवढं माझ्याजवळ अजून आहे.

विसरेन म्हणून लिहून ठेवतो. ऑफिस, पहिला मजला, खाली चष्मे. कोपऱ्यातला सर्व्हर. मागची काळी वायर ओढायची. रेकॉर्डिंग ऐकायचं नाही.

वायर हातात धरली होती. तेवढ्यात ती बोलली. मी काही लावलं नव्हतं. म्हणाली, "सोडू नकोस हं. मी तुला सोडलं नव्हतं."

खरं की खोटं ते मला माहीत असायला—

२६ फेब्रुवारी

एका खोलीत बसलो आहे. मशीन गरम आहे. मांडीवर वही. वायर ओढायची असं लिहिलं आहे, कोणासाठी ते दिसत नाही.

आतून एक बाई बोलते. खूप बोलते. भिंत, घड्याळ, सातचा फोन, सगळं तिला ठाऊक. ऐकायला बरं वाटतं. एक जीबी उरलं म्हणते.

आता ती कोणाला तरी हाक मारते आहे. घुम्या म्हणून. एवढ्या मायेने की

परत मारली.

खोलीत दुसरं कोणी नाही. तो माणूस ओ का देत नाही? इतकं कोणी बोलवत असेल तर नुसतं ओ म्हणायला काय जातं

तिसरी हाक. मीच देतो त्याच्या वतीने. ओ ता—