फोटोतला डावा पाय

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांचा नवा पाय आज आमच्या वर्कशॉपमधून निघाला. चौदा तारखेला मंत्रिसाहेब तिकडे माजी सैनिकांना कृत्रिम पाय देणार आहेत, त्यातला तो एक. मीच बनवला आहे, पण पुरा झालेला नाही. कार्यक्रमाची तारीख आधी ठरली, मापं नंतर घेतली. बाबांच्या गुडघ्याखाली उरलेला पाय ज्यात बसतो, ती वाटी एकदाही घालून पाहिलेली नाही. पॉलिश मात्र झालं आहे.

आमच्या प्रमुखांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, की फोटोपुरतंच तर आहे. म्हणून तुला लिहिते. फोन करत नाही, कारण फोन बाबा घेतात. त्यांनी जुन्या पायावर जावं, नवा हातात घ्यावा आणि घरी आणावा. घालू नये. मागच्या वर्षीची जखम तुला आठवत असेल. पुन्हा तिथेच झाली तर गुडघ्याची खात्री नाही, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. गुडघा गेला तर त्यांचा जिना गेला, सायकल गेली.

मी घाबरलेली नाही. काय होऊ शकतं, तेवढं कळवते आहे.

लोभ आहेच, तो बाबांवर लक्ष ठेवण्यात खर्च करावा.
तुझी भाची

१५ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

घाबरलेली नाहीस हे वाचून मीच घाबरले. तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, की पोरगी आता बापालाही माहितीपत्रक पाठवायला लागली. पण ऐकलं हो, जुन्या पायावरच गेला.

मंत्रिसाहेब उशिरा आले. मागच्या पुढाऱ्यासारखे हेही गाडीतूनच हात हलवून जाणार, असं मी शेजारणीला सांगत होते. पण हे आले ते सगळ्यांची माफी मागतच. दादाची पाळी आली, तर पाय हातात द्यायचा सोडून त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि मीच घालतो म्हणाले. सत्तरीचा माणूस, एवढा मंत्री, आणि आपल्या दादाच्या पायाशी. सगळं सभागृह उभं राहिलं. टीव्हीवर पुढारी दिसला की बटण दाबणारी मी, माझाही रुमाल ओला झाला.

आता अशा वेळी दादानं नाही कसं म्हणायचं? त्यानं जुना पाय काढला, त्यांनी नवा घातला. मग दादानं उठून त्यांना हात दिला. एवढंच. घरी जुन्या पायावरच आला. ओरडू नकोस.

तुझ्या मापात न बसणारी,
आत्या

१८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तो फोटो आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर लागला आहे. प्रमुखांनी माझं अभिनंदन केलं.

सगळे मंत्र्यांचा चेहरा बघतात. मी पाय बघितला. पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे, म्हणजे वाटी तिरकी बसली आहे. उरलेल्या पायावर आधी चढवायचा मोजाही वाटीच्या काठाशी दिसत नाही. आणि बाबा नुसता हात देत नाहीत. भरलेली बादली वर ओढताना रेलावं तसे ते मागे रेलले आहेत आणि सगळा भार डाव्या, म्हणजे या नव्या पायावर आहे. का, ते मला कळलेलं नाही.

त्यांचा पाय तू स्वतः बघ. दिवसाउजेडी, चष्मा लावून. बोटानं दाबून लाली जात नसेल किंवा हाताला गरम लागत असेल, तर थांबू नकोस. ते ठीक आहे म्हणतील. ते नेहमीच म्हणतात.

उत्तर लवकर आलं तर बाकीचं रागावणं माफ.
तुझी भाची

२१ मार्च

चि. पोरी,
आशीर्वाद.

तुझंच खरं निघालं. दादा बघूच देत नव्हता, बाथरूमचं दार लावून घ्यायचा. शेवटी मी सांगितलं, की पोरीला रजा काढून बोलावते. तेव्हा मोजा उतरवला. जुन्याच जागी, बटणाएवढी, ओली, कडेनं काळी. डॉक्टर म्हणाले, की आत किती खोल गेली आहे ते काही दिवसांनी कळेल, तोवर गुडघ्याबद्दल मला विचारू नका.

मी दादाला विचारलं, की उठायची काय गरज होती. तो म्हणाला, की होती. मंत्रिसाहेबांच्या ऑफिसातून तो फोटो फ्रेम करून आला आहे. तो भिंतीकडे तोंड करून उभा आहे. कुणी ठेवला ते विचारू नकोस.

तुझं शेवटचं पत्र मी त्याच्या उशाशी ठेवलं आहे.

काळजीत,
आत्या

२६ मार्च

चि. बाईसाहेबांस,
आशीर्वाद.

आधी तुला हवं ते. जखम हाडापर्यंत गेलेली नाही. गुडघा राहतो. अट एकच, ती भरेपर्यंत उभं राहायचं नाही.

मी मागे का रेललो, हा प्रश्न तो फोटो बघून तुझ्याशिवाय कुणाला पडला नाही, म्हणून तुलाच सांगतो. तुझ्यापाशीच ठेव. आत्याला कळलं तर शेजारणीला कळेल.

मंत्री खाली बसले ते मनापासून. पाय कसा घालतात ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. घालून झाला आणि त्यांचेच गुडघे धरले. उठता येईना. हळूच म्हणाले, की जरा हात द्या, नाहीतर मी इथेच राहतो. समोर कॅमेरे होते. वाकलेला माणूस पडलेला दिसायला क्षण पुरतो.

पाय नीट बसलेला नाही, हे मला उठायच्या आधीच कळलं होतं. तरी उठलो. आम्हाला उन्हात ताटकळत ठेवणारे पुष्कळ पाहिले. खाली बसलेला हा पहिला. त्याला तिथेच कसा सोडू?

तुझा, सक्तीनं लोळत असलेला,
बाबा

२९ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गुडघ्याची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. बाकीचं माझ्यापाशी राहील.

इथला फोटो उतरवा, असं मी प्रमुखांना सांगणार होते. आता राहू देते. तिकडचाही आत्याला सरळ करायला सांगा. प्रमुखांना एवढंच सांगितलं, की घालून न पाहिलेला पाय यापुढे मी पेटीत भरणार नाही, तारीख कुणाचीही असो.

तुम्ही हात द्यायला नको होता, असं मी म्हणणार नाही. पण पुन्हा द्याल तेव्हा पाय नीट बसलेला हवा. शनिवारी रजा घेऊन येते आहे. आधी जखम भरू दे, मग नवं माप घेऊ.

तोवर दार वाजलं तर आत्या उघडेल. मी आत आले तरी उठायचं नाही.

तुमची मुलगी