फळीभर जागा

परळ,
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

प्रिय वैशालीताई,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या रविवारी चर्चच्या पायऱ्या उतरताना तुम्ही कठडा धरून थांबलात, ते मी लांबून पाहिलं. गरम पाण्याची पिशवी घेता की नुसती उशाशी ठेवता? नातीची परीक्षा संपली असेल. इकडे उकाड्यानं जीव नकोसा झालाय. आई बरी आहे. जेवते, झोपते, पेपर वाचते. तुमची आठवण काढते.

परळहून नायगावला पत्र आलेलं बघून तुम्ही हसाल. चालत गेले तरी पोचेन मी. पण समोर आलं की मला बोलता येत नाही आणि फोनवर तर मुळीच नाही. मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच तुम्ही म्हणता, "थांब, आधी प्रार्थना करू या." प्रार्थना झाली की माझं उरलेलं बोलणं मलाच क्षुल्लक वाटायला लागतं. ही तक्रार नाही. तुमच्या त्या प्रार्थनांनीच मला कितीतरी वेळा झोप लागली आहे. या खेपेला मात्र मला शेवटपर्यंत बोलायचंय, म्हणून कागद घेतला.

काम एवढंच आहे की येत्या झावळ्यांच्या रविवारी मी मंडळीसमोर साक्ष द्यायला उभी राहणार नाही. पाळकसाहेबांना तुम्ही माझं नाव दिलंय, ते कृपा करून मागे घ्या. माझा घसा बसलाय. शिवाय सकाळच्या वेळी आईला फार वेळ एकटं ठेवता येत नाही. आणि माइकसमोर माझे पाय कापतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

ही तिन्ही कारणं खरी आहेत, आणि त्यातलं एकही खरं कारण नाही.

कुठून सुरुवात करू? सिद्धार्थच्या आजारपणापासूनच करावी लागेल, कारण तुम्ही माझ्या आयुष्यात आलात त्या दिवसांत. नवरा वॉर्डात आणि मी बाहेरच्या बाकावर. माझे सगळे नातेवाईक येऊन डॉक्टर बदलायचा सल्ला देऊन जायचे. तुम्ही कुणाच्याच ओळखीच्या नव्हतात. डबा उघडून माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, "आधी खा, रडायचं ते नंतर रड." तो गेला त्या दिवशीही तुम्हीच माझ्याजवळ होतात. पुढे मी बाप्तिस्मा घेतला तो कुणी गळ घातली म्हणून नाही. त्या काळात मला ज्यानं धरून ठेवलं, त्याचं नाव मला कळलं होतं म्हणून घेतला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही घाबरणार नाही.

डिसेंबरात आई राहायची ती फणसवाडीची आमची बिल्डिंग पाडायची नोटीस आली. नवी होईपर्यंत भाड्याच्या जागेत आई एकटी राहणं शक्य नव्हतं. माझा भाऊ ध्रुव टोरंटोहून म्हणाला, "तू ने तिला, आणि देवांचं काय ते तुम्ही दोघी ठरवा." आईचे देव म्हणजे पाच. माहेरून आणलेला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, पिंड आणि कुलदेवीचा टाक. सगळे मिळून एका ताम्हनात बसतील एवढे.

मी तुमच्याकडे विचारायला आले होते. तुम्ही भाजी निवडत होतात. तुम्ही म्हणालात, "आईला कोण नको म्हणतंय? तिला डोक्यावर घेऊन नाच. पण देव नकोत. तुझ्या घरात गुरुवारची सभा भरते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, देविका. आज फळी दिलीस तर उद्या घर जाईल."

तुम्ही असं का म्हणालात ते मला कळतं. तुम्ही विश्वासात आलात तेव्हा लालबागच्या तुमच्या सासरच्यांनी तुमचं अंथरूण चाळीच्या गॅलरीत टाकलं होतं. तुम्हाला मधला रस्ता कुणी दाखवलाच नाही. मग तुम्ही तो मला कुठून दाखवणार? पण मला कुणी घराबाहेर काढलं नव्हतं, ताई. बाप्तिस्म्याचं कळल्यावर आई दोन दिवस अबोल होती आणि तिसऱ्या दिवशी तिनं कोलंबीचं भुजणं पाठवलं होतं. माझी गोष्ट वेगळी होती, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी नुसती मान डोलावली.

चूक तुमच्या सल्ल्यात जेवढी असेल तेवढी असो. माझी चूक ही की मी तुम्हाला विचारलं आणि तेवढ्यावर थांबले. त्या आठवड्यात मी एकदाही गुडघे टेकून प्रभूला विचारलं नाही. विचारलं असतं आणि उत्तर दुसरंच आलं असतं, तर तुम्हाला काय तोंड दाखवायचं, ही भीती होती. तुमची मर्जी गमावण्याच्या भीतीला मी विश्वास असं नाव दिलं. गुरुवारी मंडळींसमोर माझं कौतुक झालं तेव्हा तर मला ते नाव खरंच वाटायला लागलं.

आईला मी फणसवाडीत, सामान बांधताना सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. ती वाती वळत होती. म्हणाली, "तुझ्या देवाला एवढी जागा लागते का गं? माझे पाच जण एका फळीवर मावतात." मला हसू आलं, आणि मग मी कठोर व्हायचं म्हणून जास्तच कठोर झाले. माझ्या घराचे काही नियम आहेत, असं म्हटलं. माझ्या घराचे. तिनं पुढची वात वळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनंच विषय काढला. गुरुजींना विचारलं होतं. ज्यांची पूजा व्हायची नाही त्यांना घरात उपाशी ठेवू नये, समुद्रात सोडावं. मी म्हटलं, कुणाला तरी देऊन टाक. "देव काय दत्तक देतात?" मग ध्रुवकडे पाठव. "तिथे थंडी असते," असं म्हणून तिनं विषय संपवला.

इथवरचं तुम्हाला माहीत आहे. पुढचंही माहीत आहे असं तुम्हाला वाटतं, कारण मी तुम्हाला फोनवर सांगितलं की देव पाण्यात सोडले आणि आई माझ्याकडे आली. तुम्ही ग्रुपवर लिहिलंत. भराभर हालेलुया आले. पुढच्या गुरुवारी सगळ्या बहिणी जमल्या तेव्हा आईनं स्वतः चहा केला. तुम्ही तिचा हात हातात घेऊन म्हणालात, "आई, तुम्ही फार मोठं पाऊल उचललंत." ती म्हणाली, "साखर बरोबर आहे ना?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

ताई, आई आंघोळ करून येते आणि तिला काही काम नसतं. लग्न होऊन आल्यापासून तिची ती वेळ ठरलेली. फुलांची पुडी दाराच्या कडीला लटकलेली असायची. आता ती ओल्या केसांनी पलंगाच्या कडेवर बसते, हात मांडीवर ठेवून, स्टेशनवर गाडीची वाट बघत बसल्यासारखी. पूजेआधी खायची सवय नाही, म्हणून नाश्ताही करत नाही. मी आग्रह केला की बशी हातात घेते आणि मी ऑफिसला गेले की परत डब्यात काढून ठेवते.

मार्चमध्ये एकदा मी सुट्टी घेतली होती. स्वयंपाकघरातून चंदनाचा वास आला. बघते तर आई ओट्याशी उभी राहून गंध उगाळत होती. देव सोडले, पण सहाण आणि खोड तिनं साड्यांच्या घडीत आणलं होतं. चांगलं दाट गंध उगाळलं तिनं. मग नळ सोडला आणि सहाण धुऊन टाकली. मला बघून म्हणाली, "सवय गं. हाताला सांगून समजत नाही."

त्याच दिवशी मी तिला म्हटलं की चल, भुलेश्वरला जाऊ, तुला हवा तसा बाळकृष्ण आणू, फळी मी ठोकून घेते. तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल. पण त्या क्षणी मला तुमचीही भीती वाटली नाही. आई म्हणाली, "दुकानातला आणीन, पण त्याला मी ओळखणार कशी? माझ्या त्याच्या गुडघ्याला खळी पडली होती, पुसून पुसून." आणि नको म्हणाली. म्हणजे मी माझी चूक दुरुस्त करायला गेले तेव्हा दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता ते सांगते, जे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या सकाळी चौपाटीपर्यंत आम्ही टॅक्सीनं गेलो. देव तिच्या पिवळ्या रेशमी साडीच्या तुकड्यात बांधलेले, मांडीवर. तिच्या एका हातात काठी. टॅक्सी थांबल्यावर मी पलीकडून उतरून तिच्या दाराशी आले. दार धरल्याशिवाय तिला उठता येत नाही. तिनं गाठोडं माझ्यापुढे केलं आणि म्हणाली, "धर गं जरा."

माझे दोन्ही हात मोकळे होते. मी ते पुढे केले नाहीत. म्हटलं, "सीटवर ठेव ना, तू उतर आधी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. अंधाराला घाबरते म्हणणाऱ्या पोरीकडे बघावं तसं. मग तिनं गाठोडं पदरात घेतलं, पदर कमरेला खोचला, काठी टॅक्सीतच टाकली आणि दोन्ही हातांनी दार धरून एकटी उतरली. मी दंडाला धरायला गेले तोवर ती वाळूच्या दिशेनं चालायला लागली होती. मी रस्त्याच्या कठड्याशी उभी राहिले. ती पाण्यात कितीतरी आत गेल्यासारखी दिसत होती. परत आली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, पदर मोकळा. टॅक्सीत बसल्यावर म्हणाली, "चला, आता तुझ्याकडे यायला हरकत नाही."

उतरायला हात मोकळा हवा, एवढंच तिचं मागणं होतं. त्या पितळेला हात लावून माझा विश्वास बाटला असता का, याचा मी खूप विचार केला. एवढ्यानं बाटणारा असता तर तो मला सिद्धार्थच्या चितेसमोर उभं ठेवू शकला नसता. वधस्तंभावर प्राण कंठाशी आले असताना प्रभूनं आधी आपल्या आईची सोय लावली, हे दर शुभ शुक्रवारी मी ऐकते. त्याचे हात खिळलेले होते.

परवा रविवारी उपासनेहून आल्यावर मी आईजवळ बसले. म्हटलं, त्या दिवशी मी तुझ्या हातातलं धरलं नाही. मला वाटलं होतं, ती जाऊ दे म्हणेल. आया म्हणतात तसं.

"आठवतंय मला," ती म्हणाली.

तिनं वाळलेली चादर मांडीवर घेतली. मग मी विचारलं, पाण्यात सोडताना त्यांना काय म्हणालीस.

"काय म्हणणार? म्हटलं, लेकीकडे चाललेय. तिचे वाईट दिवस होते तेव्हा आपल्यातलं कुणी नव्हतं तिच्यापाशी. जो होता, त्याचं घर आहे ते. त्याच्याशी भांडू नका."

एवढं बोलून तिनं चादरीचं एक टोक माझ्याकडे दिलं, घडी घालायला.

ताई, मी माइकसमोर उभी राहून काय सांगू? प्रभूसाठी मी काय सोडलं? माझं तर काहीच गेलं नाही. सोडलं तिनं, आणि ज्याच्यासाठी सोडलं त्याला ती अजून नावानं हाकही मारत नाही. तिची साक्ष मी माझ्या नावावर देऊ शकत नाही.

रविवारी मी येईन, मागच्या बाकावर बसेन. मंडळी सोडत नाहीये. गुरुवारची सभा मात्र काही दिवस दुसऱ्या बहिणीकडे भरवा. सकाळी आईची ती वेळ झाली की मी आता तिच्याशेजारी बसते, दोघींचे ओठ आपापले हलतात, आणि मग आम्ही एकत्र नाश्ता करतो. थोडंसं खाते ती. कुणी याला तडजोड म्हणेल. तुम्हीही म्हणाल कदाचित. मला तुमचं म्हणणं ऐकायचंय, पण या वेळी ते ऐकून झाल्यावर मी प्रभूलाही विचारणार आहे.

ज्या बाईनं मला बाकावर बसून भरवलं, तिला हे पत्र लिहिताना माझा हात जड झालाय. तुम्ही बोलायचं बंद केलंत तर मला ते सोसावं लागेल. सोसेन, पण सवय होणार नाही.

प्रार्थनेत आमची नावं घ्याल तेव्हा तिचं आधी घ्या.

सुमतीची मुलगी,
आणि तुम्ही मानाल तोवर तुमची धाकटी बहीण,
देविका