फुसेकाकूंनी उचललेली बाटली

प्रिय तोमिए,

तुमच्याकडे ओकायामात पीच उतरायला लागले असतील. इथे कुशिरोत भर उन्हाळ्यात धुकंच. तब्येत ठणठणीत आहे. बदलीच्या गावी जावई उपाशी मरतोय, असं तुझ्या आईंना वाटतं ना? त्यांना सांग, बंदरावरच्या फुसेकाकूंच्या खानावळीत पाचशे येनला भाजलेला बांगडा, ताजं माकूळ, भात आणि वाफाळतं मिसो सूप मिळतं.

आज मात्र काकूंनी माझ्यासमोरची सोया सॉसची बाटली उचलली आणि लिंबाची फोड ठेवली. सूपही पाणचट!

"काकू, गिऱ्हाईकाशी असं वागतात?"

"मुकाट्याने जेव. ब्लडप्रेशर वाढलंय ना? बायकोचा फोन आला होता."

अख्खी खानावळ हसली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चॉपस्टिकच्या कागदी पाकिटाची बाहुली करून मी चिझुकोला पाठवली होती. पाकिटावर खानावळीचा नंबर छापलेला असतो. लेकीचं खेळणं मोडून हेरगिरी करतेस होय?

लिंबू पिळलेला बांगडा बरा लागतो, पण काकूंना सांगू नकोस.

सोबत नवी बाहुली आहे. ही मोडू नकोस, नंबर आता आहेच तुझ्याकडे. दुपारी बारानंतर मी तिथेच असतो. काकूंशी बोलून झालं, की फोन जरा मला द्यायला सांग.

तुझाच,
शिगेकी