हळू बोलता येईल असा कूलर

हे लिहायला मी महिनाभर टाळाटाळ केली. कधी पेन सापडला नाही, कधी सापडला तर तलावाकडे चक्कर मारून आलो. आता सोमवारी हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे, म्हणून बसलो.

मी, विहंग रुपराव काळमेघ, वय सव्वीस, धंदा कूलर बनवणे, राहणार सक्करदरा, नागपूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की माझ्यामागे माझ्या वस्तूंचं पुढीलप्रमाणे व्हावं.

१) मोटारसायकल लहानूभाऊंना, ज्यांच्या शेडमध्ये मी काम करतो. ब्रेक पाहून घ्यावे. तिच्यावर मी बस्तरपर्यंत जाऊन आलो; निघालो होतो वर्ध्याला.

२) पत्र्याची कात्री, ड्रिल अन् पान्यांची पेटी दिपालीला, जी याच शेडमध्ये माझ्यासोबत काम करते. ती डिझाइन शिकलेली, मी डिप्लोमा अर्ध्यात सोडलेला. पहिल्याच दिवशी मी पत्रा कापत होतो तर म्हणाली, "काहून कापून राहिला बे? शेवटी काय झालं पाहिजे, ते सांग आधी."

"हवा थंड झाली पाहिजे."

"ते तं कोणताही कूलर करते. घरात काय झालं पाहिजे?"

महाल भागातल्या आमच्या घरी उन्हाळाभर कूलरच्या घरघरीत बाबा अन् मी ओरडूनच बोलायचो. मीठ मागितलं तरी भांडण वाटे. मग खरंच झालं. "घरच्या कूलरमंदी पाणी भरता येत नाही, अन् डिझाइन करतो म्हणे!" मी घर सोडलं तेव्हाचं हे त्यांचं मला शेवटचं वाक्य. त्याला तीन उन्हाळे झाले. ते मी कोणाच्याच नावे करत नाही, माझ्यासोबत जाऊ द्यावं.

दिपालीला मी म्हटलं, कूलर सुरू असताना बाबांना हळू बोलता आलं पाहिजे. तिनं तेच भिंतीवर खडूनं लिहिलं, अन् तिथून आम्ही उलटे निघालो. हळू बोलायचं तर पंखा सावकाश फिरावा. सावकाश फिरून हवा पुरायची तर पातं मोठं हवं. पातं मोठं तर ढाचा रुंद, अन् कुठंच काही थरथरायला नको. पत्रा कापणं सगळ्यात शेवटी.

३) तो कूलर माझे वडील रुपराव यांना. पंप बाकी आहे, तो दिपालीनं बसवावा. घरी नेऊन सुरू करावा, बाबांना खाटेवर बसवावं अन् हळूच विचारावं, "जेवले काय?" त्यांनी न ओरडता उत्तर दिलं तर काम पूर्ण समजावं. ओरडले तर परत आणावा. हे विचारायला मी स्वतः असावं, असं फार वाटते.

४) ऑपरेशनचं बाबांना कळवू नये. दया येऊन आलेले मला नको. हे खरं नाही, पण खोडत नाही.

५) बँकेत सांगण्यासारखं काही नाही.

सही: विहंग रुपराव काळमेघ
साक्षीदार: १. लहानू बावणे २. दिपाली राऊत
ठिकाण: सक्करदरा, नागपूर. दिनांक: १७ मे २०२५

ता.क. दिपाली सही करून उठत नाही तोच लहानूभाऊ दारातून म्हणाले, "विहंग, पेन ठेव गा. मीच कळवलं होतं, तुहे बाबा आले. ऑटोतून उतरून राहिले, हातात डबा आहे."