पैलतीराची हाक

गारखेडा, औरंगाबाद

मुंजादादा,

काल आबा गेले. नामांतराच्या दंगलीनंतर पैठणची होडी सोडून ते माझ्याकडंच होते. इथं नदी नाय. तरी कारखान्याचा भोंगा वाजला, की "पैलतीरावरनं कुणी बोलावतंय," म्हणत उठायचे. हाक आली की होडी न्यायची, मग माणूस कुणीबी असो, हा आपल्या घराचा नेम.

तू बौद्धवाडा पेटवून पळालास, मुंबईला जहाजावर खलाशी झालास. तिथली होरपळलेली माणसं आबांनीच पार नेली. त्यातली एक म्हातारी होडीत त्यांना म्हणाली, "पेटवणाऱ्यांत तुझा पोरगा व्हता."

परवा भोंगा वाजला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "आबा, दादा हाक मारतोय."

"मारू दे," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं.

मामांनी तुझा पत्ता दिलाय. पण हे पत्र मी टाकणार नाय.

बानी